रिटेलचं एमबीए, परकी गुंतवणूक आणि बार्शीचं दुकान

बार्शीहून एका मुलाने विचारलंय, ते थोडक्यात असं. वडिलांचं किराणा-भुसारचं दुकान आहे. बी.कॉम. झालंय. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत रिटेल मॅनेजमेंटच्या पीजीडीएमला, म्हणजे पदव्युत्तर पदविकेला, जागा मिळतेय, पण फी शैक्षणिक कर्ज काढूनच भरावी लागेल. काका म्हणतात, परदेशी दुकानं येणार, आपलं दुकान काही टिकत नाही, तेव्हा शिकून त्यांच्याकडेच नोकरी धर. वडील म्हणतात, दुकानावर बस. तर रिटेलमध्ये परकी गुंतवणूक खरंच मोकळी झाली आहे का, तिच्यामुळे नोकऱ्या येतील का, आणि हा कोर्स करावा का?

माझी उमेदीची वर्षं साखळी दुकानांसाठी डाळी, तेल, साखर, मसाले खरेदी करण्यात गेली. आता पुण्या-मुंबईच्या काही मॅनेजमेंट संस्थांमध्ये रिटेल आणि सप्लाय चेन शिकवते. त्यामुळे तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. कोर्सबद्दलचं मत आधीच सांगते: या संस्थेत, या कर्जावर, याच वर्षी जाऊ नकोस. का, ते समजायला काकांच्या भीतीपासून सुरुवात करावी लागेल. कारण तुझ्या वडिलांना घाबरवणारी गोष्ट आणि तुला कोर्स विकणारी गोष्ट एकच आहे.

२४ नोव्हेंबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मल्टीब्रँड रिटेलमध्ये, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल एका छताखाली विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्के परकी गुंतवणुकीला मंजुरी दिली. संसद बंद पडली, सरकारातल्या तृणमूलनेच विरोध केला आणि दोन आठवड्यांच्या आत निर्णय स्थगित झाला. १४ सप्टेंबर २०१२ ला तो पुन्हा आला आणि २० सप्टेंबरला अधिसूचना निघाली. तृणमूल सरकारमधून बाहेर पडली. ५ डिसेंबरला लोकसभेत विरोधी ठरावावर मतदान झालं आणि तो २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. व्यापाऱ्यांचे बंद झाले, मोर्चे निघाले. दुसऱ्या बाजूला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याच्या दृष्टीने याचं स्वागत केलं. काकांच्या मनात जे बसलंय ते त्या दिवसांतलं आहे, आणि त्यांना दोष देता येत नाही. रोज टीव्हीवर तेच चाललं होतं.

पण अधिसूचनेत काय लिहिलं होतं ते फार थोड्यांनी वाचलं. किमान गुंतवणूक १० कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने पाचशे कोटींच्या वर. त्यातली निम्मी रक्कम तीन वर्षांत गोदामं, शीतगृहं, वाहतूक, प्रतवारी अशा दुकानामागच्या कामांवर, आणि जागेची किंमत किंवा भाडं त्यात धरायचं नाही. तयार मालाच्या खरेदीपैकी किमान ३० टक्के माल लहान कारखान्यांकडून. परवानगी द्यायची की नाही हे राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने होकार दिला होता. आणि दुकान उघडायचं ते २०११ च्या जनगणनेत १० लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत.

हे शेवटचं वाक्य तुमच्या घरात मोठ्याने वाचून दाखव. २०११ च्या जनगणनेत खुद्द सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. म्हणजे मूळ नियमाप्रमाणे सोलापूरलाही परदेशी मल्टीब्रँड दुकान उघडता येत नव्हतं, बार्शी तर दूरच. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये ही अट सैल करून राज्यांना इतर शहरं निवडायची मोकळीक दिली गेली, पण तोवर कंपन्यांचा उत्साह ओसरला होता.

तो का ओसरला, हे मी वर्गात सविस्तर शिकवते, कारण धोरण कागदावर आणि खरेदी विभागात किती वेगळं दिसतं ते इथे कळतं. ३० टक्क्यांची अट घे. लहान कारखाना म्हणजे ज्याची यंत्रसामग्री १० लाख डॉलरच्या आत आहे तो. समजा एका लोणची-पापडवाल्याला मोठ्या साखळीची ऑर्डर मिळाली. त्याने नवी मशिनं घेतली, धंदा वाढला आणि तो मर्यादा ओलांडून गेला. मूळ नियमाप्रमाणे त्या क्षणापासून त्याचा माल ३० टक्क्यांत मोजायचा नाही. म्हणजे ज्या पुरवठादाराला तुम्ही वाढवलं, त्यालाच सोडून पुन्हा नवा लहान शोधायचा. कुठलाही खरेदीदार पुरवठादार घडवायला वर्षं घालवतो. त्याचा दर्जा, पॅकिंग, वेळेवर माल देण्याची सवय, हे सगळं एका हंगामात होत नाही. २०१३ च्या दुरुस्तीत मर्यादा २० लाख डॉलर झाली आणि पहिल्या व्यवहाराच्या वेळी कारखाना लहान असला की पुरे असं ठरलं. दुरुस्ती योग्य होती, पण उशिरा झाली.

मग आलं कोण? ब्रिटनच्या टेस्कोने टाटांच्या ट्रेंटबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत स्टार बाजारच्या दुकानांत पैसे घातले. मल्टीब्रँडच्या दाराने आलेलं मोठं नाव एवढंच. वॉलमार्ट आणि भारतीची भागीदारी ऑक्टोबर २०१३ मध्ये तुटली. फ्रान्सची कारफूर २०१४ मध्ये घाऊक दुकानं बंद करून निघून गेली. २०१४ ला केंद्रात सत्ता बदलली. नव्या सरकारचा मल्टीब्रँडला विरोध होता, तरी २०१२ ची तरतूद रद्द झाली नाही. दिल्ली आणि राजस्थानने मात्र दिलेली संमती मागे घेतली.

म्हणजे परकी पैसा आलाच नाही का? आला, भरपूर आला, पण दुसऱ्या दारांनी. घाऊक व्यापारात, ज्याला कॅश अँड कॅरी म्हणतात, १९९७ पासून शंभर टक्के परवानगी होती आणि २००६ पासून त्यासाठी सरकारकडे अर्जही करावा लागत नव्हता. जर्मनीची मेट्रो २००३ मध्ये बंगळूरला त्याच वाटेने आली. वॉलमार्टची बेस्ट प्राइस दुकानं आपल्याकडे औरंगाबाद आणि अमरावतीत होती, पण तिथे गिऱ्हाईक म्हणून तुझे वडील जाऊ शकत होते, तुझी आई नाही. धंद्याच्या नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नसे. पुढे हीच दुकानं २०२० मध्ये फ्लिपकार्टच्या घाऊक व्यवसायात गेली. मेट्रोने भारतातला व्यवसाय रिलायन्सला २,८५० कोटींना विकला, तो व्यवहार २०२३ मध्ये पूर्ण झाला. दुसरं दार सिंगल ब्रँडचं, म्हणजे एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानांचं, ज्यातून फर्निचरवाली आयकिया हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत २०२० मध्ये आली, आणि ॲपलचं दुकान २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीत उघडलं. ही दुकानं किराणा दुकानाशी स्पर्धा करत नाहीत.

तिसरं दार सगळ्यात मोठं निघालं. ऑनलाइन बाजारपेठ चालवायला, स्वतःचा माल न ठेवता विक्रेता आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून द्यायला, शंभर टक्के परकी गुंतवणूक चालते हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरला घेतला. दुकान उघडण्यासाठी जी कंपनी वर्षानुवर्षं दारात थांबली होती, ती फोनच्या पडद्यावरून थेट घरात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरकारने नियम कडक केले: ज्या विक्रेत्या कंपनीत प्लॅटफॉर्मचा हिस्सा आहे, तिने त्या प्लॅटफॉर्मवर विकायचं नाही. त्यावर कंपन्यांनी आपली मांडणी पुन्हा बदलली. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, काही मिनिटांत सामान घरपोच देणारी ब्लिंकिट ज्यांची आहे त्या इटर्नलने (म्हणजे पूर्वीच्या झोमॅटोने) आपल्यातला परकी हिस्सा ४९.५ टक्क्यांवर रोखून धरला, म्हणजे कंपनी भारतीय मालकीची ठरते आणि स्वतःचा माल ठेवून विकता येतो. कायद्याने जसं कुंपण घातलं तसा धंद्याने आकार घेतला. तुझे काका ज्या रस्त्याकडे डोळे लावून बसले आहेत, त्या रस्त्याने कुणी येत नाहीये.

यातून तुझ्या करिअरसाठी एक गोष्ट निघते. परवानगी मिळाली म्हणून रिटेल वाढत नाही आणि नाकारली म्हणून थांबत नाही. ते चालतं भाडं, मार्जिन आणि माल किती वेळा फिरतो यावर. महाराष्ट्रातल्या किराण्यात गेल्या वीस-बावीस वर्षांत सगळ्यात खोल बदल घडवणारी साखळी डीमार्ट आहे, आणि तिला परकी भागीदाराची गरज पडली नाही. राधाकिशन दमानींनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं आणि सावकाश, जागा शक्यतो विकत घेत, पुरवठादारांचे पैसे लवकर देऊन त्या बदल्यात भाव पाडून घेत ती वाढवली.

जागा विकत घेण्याला इतकं महत्त्व का, ते एका हिशोबाने सांगते. समजा दहा हजार चौरस फुटांचं दुकान आहे, महिन्याला एक कोटीची विक्री. किराणा आणि घरगुती वस्तूंवर सरासरी १५ टक्के मार्जिन धर: १५ लाख. भाडं चौरस फुटाला ६० रुपये: ६ लाख. चाळीस माणसं, पीएफसकट प्रत्येकी १५ हजार: ६ लाख. वीज, एसी, देखभाल: २ लाख. चोरी, तूट, खराब झालेला माल विक्रीच्या एक टक्का: १ लाख. बेरीज १५ लाख. हातात शून्य, आणि अजून गोदाम, मुख्य कार्यालय, जाहिरात, कर्जाचं व्याज काही धरलेलं नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण खऱ्यापासून फार लांब नाहीत. यातून भाडं काढून टाक, लगेच ६ लाख उरतात. किंवा तेवढ्याच जागेत विक्री दीड कोटी कर, मग तेच भाडं सहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर येतं. भारतातल्या ज्या साखळ्या बुडाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा कर्जाने वाढल्या होत्या, भाड्याच्या जागांवर पसरल्या होत्या आणि माल फिरण्याआधी नवी दुकानं उघडत होत्या. सुभिक्षाची दीड हजारांहून जास्त दुकानं होती. २००९ मध्ये ती बंद पडली. बिग बाजारने २००१ पासून भारतातल्या मध्यमवर्गाला मोठ्या दुकानाची सवय लावली, आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आता तुझ्या वडिलांच्या दुकानाचा असाच हिशोब कर. पुन्हा समजा: दुकानात ६ लाखांचा माल आहे, महिन्याची विक्री साडेचार लाख, मार्जिन दहा टक्के. वर्षाची विक्री ५४ लाख, ढोबळ नफा ५ लाख ४० हजार. खरेदीच्या किमतीने मोजलं तर ६ लाखांचा माल वर्षात साधारण आठ वेळा फिरला. आता त्या सहा लाखांत दीड लाखाचा माल असा निघाला की जो तीन-चार महिने हललेलाच नाही, तर? तो काढून टाकला आणि विक्री तेवढीच राहिली, तर साडेचार लाखांच्या भांडवलावर तोच नफा मिळतो आणि माल जवळजवळ अकरा वेळा फिरतो. दीड लाख मोकळे झाले. एक रुपयाही विक्री न वाढवता हे होतं, आणि यासाठी कुठलाही परदेशी तज्ज्ञ लागत नाही. उधारी वेगळी मोजायची, कारण तीसुद्धा अडकलेलं भांडवलच आहे.

दुकानाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र लपवू नये. जागा स्वतःची आहे, म्हणून भाडं नाही. घरची माणसं राबतात, म्हणून पगार नाही. वडील सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसतात, आई दुपारी बसते, आणि या श्रमाची किंमत कुठेच लिहिली जात नाही. ती लिहून बघ. ती वजा करूनही दुकान नफ्यात असेल तर ते टिकाऊ आहे. नसेल, तर ते घरच्यांच्या कष्टावर उभं आहे, आणि तू तिथे बसायचं की नाही हा प्रश्न वेगळ्या प्रकाशात बघावा लागेल. वडिलांना हे नीट, आदराने समजावून सांगता आलं पाहिजे. मुलगा हिशोब विचारायला लागला की पुष्कळ घरांत राग येतो.

लहान दुकानांवर मोठ्या दुकानांचा काय परिणाम होतो याचा एक अभ्यास आयसीआरआयईआर या दिल्लीच्या संस्थेने २००८ मध्ये केला होता. जवळ मोठं दुकान उघडलं की लहानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पण काळाबरोबर तो फटका कमी होत जातो, असा त्याचा निष्कर्ष. माझा अनुभवही असाच आहे: जे दुकानदार माल बदलतात, घरपोच देतात, गिऱ्हाईकाचं नाव लक्षात ठेवतात ते सावरतात. पण तो अभ्यास फोनवरून दहा-पंधरा मिनिटांत साखर घरी येण्याच्या आधीचा आहे. घरपोच ही किराणा दुकानाची हक्काची जागा होती, आणि मोठ्या शहरांत नेमका तिथेच आता घाव बसतोय. बार्शीला अजून वेळ आहे. तो वेळ वापरायचा आहे, एवढं मी खात्रीने म्हणेन.

आता मॅनेजमेंट संस्थांकडे वळते. मला या संस्थांविषयी जिव्हाळा आहे, म्हणूनच जरा लांब सांगते.

१९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद अशा दोन आयआयएम निघाल्या. कलकत्त्याला एमआयटीचं साहाय्य होतं, अहमदाबादला हार्वर्डचं, आणि अहमदाबादच्या मागे विक्रम साराभाईंची दृष्टी होती. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात स्टॅनफर्डच्या मदतीने जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. त्या पिढीतल्या रवी मथाईंची गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगते. अहमदाबादचे ते पहिले पूर्णवेळ संचालक. १९७२ मध्ये त्यांनी आपणहून पद सोडलं आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नंतर राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चर्मकार कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलं: त्यांचा माल कसा घडावा, कुणाला विकावा, व्यवहार त्यांनी स्वतः कसा सांभाळावा. मॅनेजमेंट शिकवणारा माणूस एवढ्या लहान व्यापाऱ्याजवळ जाऊन बसू शकतो, ही या संस्थांच्या संस्कृतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट होती. १९७९ मध्ये आणंदला अमूलच्या कुरियन यांच्या पुढाकाराने इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, तीही याच विचाराची. तिथल्या शिक्षणात खेड्यात जाऊन राहणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

मग संख्या वाढली. आयआयएम आज वीसपेक्षा जास्त आहेत. आपल्याकडे नागपूरची २०१५ मध्ये निघाली, आणि मुंबईची जुनी निटी २०२३ मध्ये आयआयएम झाली. पण खरी वाढ झाली ती खासगी संस्थांची. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि संस्था चालवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९९१ नंतर कंपन्यांना मॅनेजर हवे झाले, तेव्हा याच मंडळींनी मॅनेजमेंटचे वर्ग काढले. याला प्रयोगशाळा लागत नाही, रुग्णालय लागत नाही. इमारत, प्रोजेक्टर, थोडे शिक्षक आणि एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असली की काम सुरू. विद्यापीठाशी संलग्न असेल तर एमबीए, स्वायत्त असेल तर पीजीडीएम. पीजीडीएम म्हणजे कमी दर्जाचं, असं नाही. २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएमसुद्धा पदविकाच देत होत्या. संस्था कोणती, हे महत्त्वाचं.

२००६-०७ च्या सुमाराला रिलायन्स फ्रेश आली, प्रत्येक मोठ्या घराण्याने किराण्यात उतरायची घोषणा केली, आणि संस्थांनी रिटेल मॅनेजमेंटचे कोर्स काढले. २०११-१२ च्या एफडीआयच्या, म्हणजे परकी गुंतवणुकीच्या, गदारोळात त्यांना दुसऱ्यांदा भरती आली. माहितीपत्रकात वॉलमार्टचं नाव असे. दोन वर्षांनी मुलं बाहेर पडली तेव्हा यायच्या होत्या त्या कंपन्या आलेल्याच नव्हत्या. त्यातली पुष्कळ मुलं विमा किंवा बँकेच्या विक्रीत गेली, ज्यासाठी दोन वर्षं आणि कर्ज लागतच नव्हतं. आता तेच कोर्स ई-कॉमर्स आणि ॲनालिटिक्स या नावांनी चालतात. माझा राग नावावर नाही. शिकवलं काय जातं, यावर आहे.

केस स्टडीची पद्धत चांगली आहे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायला, चारचौघांत तो मांडायला आणि खोडून निघाला तर मान्य करायला ती शिकवते. पण पुष्कळ संस्थांत केसेस अमेरिकेतल्या, आणि शिकवणाऱ्याने दुकानाचं गोदाम पाहिलेलं नाही. अर्कान्सामधून निघालेल्या वॉलमार्टच्या ट्रकचं वेळापत्रक मुलाला पाठ असतं. पुण्याच्या मार्केट यार्डात ट्रक रिकामा करताना १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी, मजुरी आणि लेव्ही कशी ठरते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अडत म्हणजे काय, तोलाई कोण देतं, जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्यावर खरेदी कशी बदलली, काही माहीत नसतं. मी मुलाखतीत एक प्रश्न नेहमी विचारत आले: तूरडाळीचा भाव वर्षात कधी चढतो, कधी उतरतो आणि का? रिटेलचं स्पेशलायझेशन केलेली मुलं गप्प होतात. बार्शीच्या भुसार आडत्याचा बारावीतला मुलगा याचं उत्तर देईल.

दुसरी अडचण मनोवृत्तीची आहे. दोन वर्षं स्ट्रॅटेजी हा शब्द ऐकलेल्या मुलाला पहिले सहा महिने दुकानात उभं केलं की अपमान वाटतो. शेल्फवर माल लावणं, एक्स्पायरी तपासणं, कॅश काउंटरवर रांग सांभाळणं, रात्री मोजणी करणं. पुष्कळ जण इथेच सोडून जातात. जे थांबतात ते पुढे उत्तम खरेदीदार होतात, कारण कुठला माल उठतो आणि का उठतो हे त्यांच्या हातांना कळलेलं असतं. तू लहानपणापासून दुकानात वावरला आहेस. तुझ्याकडे हे आधीच आहे, आणि ते झाकून ठेवायला शिकवणाऱ्या संस्थेत पैसे घालवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

संस्था पारखायची असेल तर प्लेसमेंटच्या पत्रकातला सर्वोच्च पगार सोडून दे. सरासरीही सोड, दोन मोठ्या आकड्यांनी ती फुगते. मधला पगार विचार, म्हणजे सगळ्यांना क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या मुलाला काय मिळालं ते. एकूण किती मुलं होती, त्यातली किती आकड्यात धरली, पद काय होतं, पगारातला किती भाग विक्रीच्या टार्गेटवर अवलंबून होता, हेही विचार. प्लेसमेंटचे अहवाल एकाच पद्धतीने लिहून बाहेरच्या हिशोबनीसाकडून तपासून घ्यावेत, यासाठी आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन एक मानक तयार केलं आहे. संस्था ते पाळते का बघ. पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यातले किती कधी कंपनीत किंवा व्यापारात होते, हे विचार. आणि तीन वर्षांपूर्वी रिटेलमधून बाहेर पडलेल्या पाच जणांचे नंबर माग. संस्थेने ते द्यायला टाळाटाळ केली, तर तुला उत्तर मिळालं.

माझा सल्ला असा. एक वर्ष घे. पहिले तीन-चार महिने वडिलांच्या दुकानात, पण गल्ल्यावर बसायला नाही, मोजायला. मग एखाद्या साखळी दुकानात फ्लोअरवर किंवा सोलापूरच्या एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडे काम धर. पगार थोडा असेल, पण स्कीम कशी बनते, कंपनीचा सेल्समन बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, काय करतो, माल परत कसा जातो हे आतून दिसेल. त्याच वर्षात सीईटीची, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेची, आणि जमलं तर आयआयएमसाठीच्या कॅटची तयारी कर. जमनालाल बजाज किंवा पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा मॅनेजमेंटचा विभाग यांसारख्या ठिकाणी विद्यापीठाच्या आतलं शिक्षण आहे, प्रवेश सीईटीतून होतो आणि कर्जाचा डोंगर होत नाही. तिथे जागा मिळाली तर जरूर जा, आणि स्पेशलायझेशन रिटेलऐवजी ऑपरेशन्स किंवा फायनान्स घे. दुकानाचा अनुभव आणि भांडवलाचं गणित एकत्र असलेला माणूस खरेदी विभागात मला कायम कमी पडत आला. नोकऱ्या तिथे आहेत: खरेदी, मालाचं नियोजन, गोदामं, पुरवठादार घडवणं. नाशिकजवळ मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभ्या केलेल्या सह्याद्री फार्म्ससारख्या कंपन्यांतही आहेत. ज्या प्रतवारीच्या आणि शीतसाखळीच्या कामासाठी २०१२ मध्ये परदेशी कंपन्यांची वाट बघितली, ते काम तिथे आपल्या माणसांनी केलं.

सीईटीतही मनासारखी जागा मिळाली नाही, तरी घाबरू नकोस. वर्षभराचा खरा अनुभव आणि स्वतः केलेला दुकानाचा हिशोब घेऊन तू मुलाखतीला गेलास, तर मी तुला त्या पीजीडीएमवाल्याच्या आधी घेईन, आणि माझ्या ओळखीतले बरेच खरेदीप्रमुखही घेतील.

काम या रविवारी सुरू कर. दुपारी दुकान बंद असताना सगळा माल मोज, विक्रीच्या किमतीने नाही, खरेदीच्या किमतीने. डाळी-कडधान्यं, तेल, साखर-गूळ, मसाले, साबण-पेस्ट आणि बिस्किटं-चिवडा असे वेगळे गट कर. प्रत्येक गटापुढे गेल्या महिन्याची विक्री लिही. बिलं नसतील तर वडिलांना विचार, त्यांचा अंदाज फारसा चुकणार नाही. उधारीची वही वेगळी काढून तीस दिवसांच्या आतली, तीस ते नव्वद आणि त्यावरची अशी तीन भागांत मांड. आकडे झाले की इथेच खाली लिही. कोणत्या गटात पैसा अडकलाय ते मी बघून सांगते. माझा अंदाज मसाल्यांवर आणि साबण-पेस्टवर आहे, कारण कंपन्यांच्या स्कीमपायी तिथेच दुकानदार गरजेपेक्षा जास्त माल भरतात.